मुंगसाची भावकी

गावच्या घरी अंगणात मुंगूस दिसलं की काकी हातातलं काम टाकून उभी राहते. गडग्याच्या कडेकडेने ते पलीकडे जाईपर्यंत ती बोलत नाही. मग म्हणते, आजचा दिवस बरा जाणार. दोन वर्षांपूर्वी त्याच घराच्या माळ्यावर एका उदमांजराने मुक्काम ठोकला, तेव्हा हीच काकी दोन दिवसांत माझ्या चुलतभावाला म्हणाली, "त्येका विष घाल."

तक्रार खोटी नव्हती. रात्री बारानंतर डोक्यावर धावपळ, कौलं सरकलेली, माळ्यावर मुताचा उग्र वास, आणि सकाळी पडवीच्या पत्र्यावर सुरमाडाच्या बियांनी भरलेली विष्ठा. उतरवून ठेवलेल्या आंब्यांतले नेमके पिकलेले आंबे गायब. आमच्याकडे या प्राण्याला कोणी कांडेचोर म्हणतं, कोणी उदमांजर. काकी मसण्याऊद म्हणते, कारण ते मसणात प्रेतं उकरतं अशी तिची खात्री आहे. प्रत्यक्षात ते बहुतेक फळांवर जगतं, जोडीला किडे, उंदीर, एखादं पिल्लू. पण नावातच मसण असल्यावर बाजू मांडणार कोण?

बाजू मी मांडली. मुंबईहून आठ दिवसांसाठी आलेला, चार पुस्तकं वाचलेला पुतण्या तो मी. म्हटलं, "काकी, ज्या मुंगसाला तू हात जोडतेस, त्याच्याच नात्यातलं आहे हे. फार जुनं नातं आहे, पण आहे."

काकी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावकी आसली म्हणान काय झाला? आमची भावकी बघलंस मां?"

आमची भावकी म्हणजे सातबाऱ्यावर सतरा नावं, विहिरीच्या वाटेवरून कोर्टात चालू असलेला दावा आणि गणपतीत एकमेकांकडे न जाणारी तीन घरं. तलाठ्याकडे दिलेल्या वंशावळीत आम्ही सगळे एकाच खापरपणजोबाच्या खाली ओळीने बसलेलो आहोत. त्या कागदाने कोणाच्या मनात कोणाविषयी माया उत्पन्न झाल्याचं मी पाहिलेलं नाही. काकीला उत्तर देता आलं नाही. नंतर मात्र वाटत राहिलं, की एखाद्या जिवाला वाचवायचं म्हणून मी पहिला मुद्दा काढला तो नात्याचा. तोच का?

आधी ते नातं काय आहे ते सांगतो, कारण ते आपल्या समजुतीपेक्षा बरंच विचित्र आहे.

मराठीने या लहान मांसाहारी सस्तन प्राण्यांपैकी बऱ्याच जणांना मांजर करून टाकलं आहे. उदमांजर, जवादी मांजर, पाणमांजर. त्यात 'ऊद' हा शब्द मूळचा संस्कृत 'उद्र', म्हणजे पाण्यातला प्राणी, पाणमांजर. तो पाण्यातून निघाला आणि झाडावरच्या, पाण्याशी काही देणंघेणं नसलेल्या प्राण्याला जाऊन चिकटला. आता गंमत अशी, की पाणमांजर मांजराच्या बाजूचं नाहीच. मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या गणात दोन मोठ्या शाखा आहेत, एक मांजराची आणि दुसरी कुत्र्याची. त्या फुटल्याला चारेक कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला. पाणमांजर कुत्र्याच्या शाखेवर बसतं. विझल, मार्टेन, बॅजर हे त्याचे जवळचे, आणि अस्वल, सील हे त्या मानाने दूरचे नातलग. उदमांजर आणि जवादी मांजर मांजराच्या शाखेवर आहेत, पण मांजराच्या कुळात नाहीत. आणि ज्याला आपण कधीच मांजर म्हटलं नाही ते मुंगूस पाणमांजरापेक्षा मांजराच्या कितीतरी जवळचं आहे.

हे बाहेरून कळत नाही. कळलं ते कवटी उलटी करून पाहिल्यावर. विल्यम हेन्री फ्लॉवर या इंग्लिश शरीरशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये या प्राण्यांच्या कवटीच्या तळाचा अभ्यास मांडला. कानामागे हाडाचा एक फुगवटा असतो. मांजराच्या शाखेत त्या पोकळीत सहसा एक पडदा असतो आणि तिचे दोन कप्पे होतात. कुत्र्याच्या शाखेत तसा पडदा नसतो. दात खाण्यानुसार बदलतात, पाय चालण्यानुसार, रंग जंगलानुसार. कानामागची ही भिंत कोणाच्या फारशी उपयोगाची नाही, म्हणून ती जुनी ओळख सांभाळून राहिली. नातं शोधायचं तर सगळ्यात कमी कामाची वस्तू बघावी, हे मला फार आवडलं. आमच्या घराण्यातही जुन्या संबंधांचा खरा पुरावा कोणाच्या मायेत नव्हता, एका फुटक्या तांब्यावर कोरलेल्या नावात निघाला.

मुंगसाचं पुढे काय झालं? बराच काळ ते उदमांजरांच्याच कुळात धरलं जाई. नंतर त्याचं कुळ वेगळं झालं, आणि डीएनए वाचता येऊ लागल्यावर त्याच्या शेजारच्या फांदीवर कोण बसलंय ते दिसलं. तरस. उकिरड्यावरचं, हाडं फोडणारं, ज्याचं नाव घेतलं तरी लहानपणी आजी गप्प करायची ते तरस. मुंगसाला उदमांजर जेवढं जवळचं, त्याहून तरस जवळचं. एकाचं दर्शन शुभ, दुसऱ्याचं अशुभ. महाभारतात अर्ध्या सोन्याच्या अंगाचं मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञात येऊन त्याला कमी लेखतं, आणि सभा ऐकून घेते. तरसाला तिथे कोणी आत येऊ दिलं असतं का? म्हणजे मसणात उकरण्याच्या आरोपावरून काकी जो प्राणी दूर ठेवू पाहत होती, त्याच आरोपाचा खरा हक्कदार तिच्या शुभशकुनाच्या सख्ख्या भावकीतला निघाला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

याच्या उलटही घडतं. लिन्सँग नावाचे सडपातळ, ठिपकेदार, लांब शेपटीचे प्राणी आहेत. काही आशियात, त्यातली एक जात आपल्या ईशान्येकडच्या जंगलांत आणि पूर्व हिमालयात, आणि काही पश्चिम व मध्य आफ्रिकेत. दोघांना शेजारी ठेवलं तर भाऊच वाटावेत, आणि बरीच वर्षं तसंच मानलं गेलं. २००३ मध्ये फिलिप गोबेर आणि जेराल्डिन वेरों यांनी त्यांचे जनुकीय पुरावे तपासले. आफ्रिकेतला लिन्सँग जेनेट नावाच्या तिथल्या उदमांजरांच्या गोतातला निघाला. आशियातला त्या कुळातच बसेना. तो मांजरांचा, म्हणजे वाघ-सिंहांसकट सगळ्या मार्जारकुळाचा, सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक ठरला. तसंच मादागास्करचा फोसा. दिसायला छोटा प्यूमा, पण मुळात मुंगसाचा दूरचा चुलता. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून त्या बेटावर पोचलेल्या एकाच पूर्वजापासून तिथले सगळे मूळचे मांसाहारी प्राणी झाले, आणि त्यातल्या एकाने, मांजरं नसलेल्या जागी, मांजराची नोकरी पत्करली.

विषाचंही तेच. मुंगसाला नागाचं विष सहन होतं याचं श्रेय आपल्याकडे मुंगूसवेलीला देतात. खरं कारण त्याच्या स्नायूंवरच्या एका प्रथिनात आहे. नागाचं विष जिथे येऊन चिकटतं ती जागाच तिथे बदललेली आहे. हनी बॅजर पाणमांजराच्या बाजूचा, म्हणजे कुत्र्याच्या शाखेवरचा. त्याच्याकडेही त्याच प्रथिनात बदल झालाय, पण वेगळा. कुलूप तेच, दोघांनी स्वतंत्रपणे बदललं.

तर दिसणं आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वभाव तर तिसरीच. डार्विनने १८५९ मध्ये सांगितलं की प्राण्यांचं खरं वर्गीकरण म्हणजे त्यांची वंशावळ. त्याआधी लोक साम्य मोजत होते आणि त्या साम्यामागे काय आहे याबद्दल अंदाज करत होते. वंशावळ मिळाली आणि कोडं सुटलं. पण वंशावळ ही भूतकाळाबद्दलची माहिती आहे. अमुक दोन प्राण्यांचा पूर्वज एक होता, इतकंच ती सांगते. त्यावरून आज कोणी कोणाशी कसं वागावं, ते तीत कुठे लिहिलेलं आहे?

तरीही 'नात्यातलं आहे' हे शब्द तोंडून आपोआप निघतात. मला वाटतं, कारण हे, की माणसांच्या जगात नातं आणि कर्तव्य इतकी वर्षं एका घरात राहिली आहेत की ती एकच वाटू लागली. नीट पाहिलं तर माणसांतही कर्तव्य रक्तातून येत नाही. दत्तक घेतलेल्या मुलाला कायदा पूर्ण मुलगा मानतो. १९५६ चा कायदा ते स्पष्टच म्हणतो, आणि त्याआधीची रूढीही तेच म्हणत होती. दत्तक मुलगा आईचं करतो ते तिने त्याचं केलं म्हणून. उलट माझ्या सख्ख्या चुलत्यांच्या घरी कोण आजारी आहे, हे मला व्हॉट्सअ‍ॅपवरून कळतं. भावकीत कर्तव्य असतं तेव्हा ते एकत्र खाल्लेल्या अन्नाचं असतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कोणा ठिपकेदार प्राण्याबरोबर मुंगसाने आणि उदमांजराने असं काय एकत्र खाल्लं, की मी त्याचा हिशेब काकीकडे मागावा?

प्राण्यांच्या हक्कांवर लिहिणारे तत्त्वज्ञ इथे दोन बाजूंना उभे दिसतात. पीटर सिंगर यांचं १९७५ चं पुस्तक म्हणतं, नातं बाजूला ठेवा, वेदना होते का एवढंच बघा. विषाने उदमांजराला किती यातना होतील, हा प्रश्न ते कोणाच्या कुळातलं आहे यावर अवलंबून नाही. मला हे पटतं. मेरी मिज्ली यांनी १९८३ मध्ये लिहिलं त्याचा रोख असा, की जवळच्यांची ओढ ही नुसती पूर्वग्रह म्हणून झटकून टाकण्याची गोष्ट नाही, ती प्रेमाची मुळं आहे. पण ती ओढ भिंत मात्र नसावी. हेही पटतं, आणि घरात बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईला ते जास्त लवकर पटेल. दोघांपैकी कोणीही आमच्या माळ्यावरच्या वासाचं काय करायचं ते सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

मात्र नातं अगदीच कुचकामाचं आहे असं म्हणायला मी धजत नाही. ते मलबारच्या उदमांजरामुळे.

मलबार सिव्हेट नावाचा एक मोठा, ठिपकेदार प्राणी पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात असल्याचं १८६२ मध्ये ब्लाइथने नोंदवलं. पुढे तो दुर्मीळ होत गेला. शेवटचे धरण्याजोगे पुरावे म्हणजे उत्तर केरळात, निलंबूरच्या परिसरात, १९८७ मध्ये हाती आलेली कातडी. त्यानंतर कॅमेरे लावले, शोध घेतले. तो दिसला नाही. जगातल्या अतिसंकटग्रस्त सस्तन प्राण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. मग २०१० मध्ये आर. नंदिनी आणि दिव्या मुडप्पा यांनी जुन्या सगळ्या नोंदी काढून तपासल्या आणि एक अवघड शंका मांडली. आग्नेय आशियात अगदी असाच दिसणारा मोठ्या ठिपक्यांचा सिव्हेट आहे. मलबारच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं जवादीचा, म्हणजे या प्राण्यांच्या ग्रंथींतून मिळणाऱ्या सुगंधी द्रव्याचा व्यापार होता. त्यासाठी हे प्राणी पिंजऱ्यात पाळत. मग मलबारचा सिव्हेट म्हणजे जहाजातून आलेल्या आणि सुटलेल्या प्राण्यांचीच प्रजा असेल का? तसं असेल, तर जो नाहीसा झाला म्हणून हळहळ होते, तो वेगळा असा कधी नव्हताच.

हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. निलंबूरजवळ मेलेला तो प्राणी दोन्ही बाबतींत तोच आहे. त्याची भूक, भीती, कातडी ओढली गेली तेव्हाचा मृत्यू, काहीही बदलत नाही. तरी माझं दुःख वंशावळीच्या एका रेघेवर अवलंबून होतं. वेगळी जात असेल तर एक अख्खी फांदी तुटली. आणलेला परदेशी असेल तर, बरं झालं, एक प्राणी मेला. हा फरक खोटाही म्हणता येत नाही. जात संपली तर पुन्हा होत नाही, कोट्यवधी वर्षांची कमाई जाते. म्हणून कोणती फांदी एकटी आहे हे माहीत असणं संवर्धनाला लागतंच. पण मग तेच माप लावलं तर आमच्या माळ्यावरच्या कांडेचोराला काय किंमत? ते भारतभर आहे, आग्नेय आशियाभर आहे. एक गेल्याने काहीही तुटणार नाही. नात्याचा हिशेब त्याच्या विरुद्ध जातो.

आणि ज्या वेळी माणसं घाबरतात, तेव्हा असा हिशेबही उरत नाही. २००३ मध्ये सार्सच्या साथीनंतर चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या बाजारात उदमांजराच्या एका जातीत तो विषाणू सापडला. जानेवारी २००४ मध्ये तिथल्या सरकारने सुमारे दहा हजार प्राणी मारायचा हुकूम काढला. त्यात उदमांजरांबरोबर बॅजर आणि रॅकून डॉगही होते. एक मांजराच्या शाखेचं, एक पाणमांजराच्या कुळातलं, एक चक्क कुत्र्याच्या. त्यांचं नातं एवढंच, की त्यांचे पिंजरे एकाच बाजारात एकमेकांवर रचलेले होते. पुढच्याच वर्षी असेच विषाणू नाल्या-नाकाच्या वटवाघळांत सापडले आणि उदमांजर हे बहुधा मधलं घर होतं, मूळ नव्हे, असं दिसून आलं. बाजार कोणी भरवला होता, हे विचारायची गरज तोवर कोणाला वाटली नव्हती.

पंचतंत्रातल्या मुंगसाची गोष्ट आपल्याला शाळेत सांगितली ती घाई करू नये म्हणून. पुन्हा वाचली तेव्हा दुसरंच दिसलं. ब्राह्मणीला मुलगा होतो, त्याच दिवशी मुंगशीला पिल्लू होतं आणि ती मरते. बाई त्या पिल्लाला मुलाबरोबर दूध पाजून वाढवते. म्हणजे दत्तकच. पण विश्वास ठेवत नाही, कारण जातीने ते मुंगूस, कधीतरी मुलाला इजा करेल. मग नाग येतो, मुंगूस त्याला फाडतं, रक्ताळलेल्या तोंडाने आईला सांगायला धावतं, आणि डोक्यावर पाण्याचा घडा आदळून मरतं. घाई शेवटच्या क्षणाची होती. संशय पहिल्या दिवसापासूनचा. तिच्या समोर एक अमुक मुंगूस होतं, जे तिने स्वतः वाढवलं होतं, आणि तिने निकाल दिला तो सगळ्या मुंगसांच्या वंशावळीवर. मी काकीपुढे वंशावळ ठेवली ती चांगल्या हेतूने, पण हत्यार तेच होतं. पूर्वज चांगला म्हणून सोड, यात पूर्वज वाईट म्हणून मार हे आलंच. तरस माळ्यावर असतं तर मी काय म्हणालो असतो?

मराठीत भावकीच्या शेजारी आणखी एक शब्द आहे, शेजारधर्म. त्याला वंशावळ लागत नाही. शेजारी कोण असावा हे आपण निवडत नाही, तो चांगला असावा अशी अटही नसते. एवढंच, की त्याची भिंत आपल्या भिंतीला लागून आहे, म्हणून आपण काय करतो ते त्याला भोगावं लागतं. हा शब्द सापडला तेव्हा प्रश्न सुटल्यासारखा वाटला होता. तसा तो सुटत नाही. १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली, उसातले उंदीर मारायला. त्यांची प्रजा बेटभर झाली आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना, सरड्यांना भारी पडली. जपानच्या अमामी बेटावर अशीच सोडलेली मुंगसं वर्षानुवर्षं पकडून पकडून संपवली, आणि २०२४ मध्ये ती उरली नसल्याचं जाहीर झालं. तिथल्या दुर्मीळ सशांचा शेजार राखायचा तर दुसरं काय करणार होते, हे मला सांगता येत नाही. त्या मुंगसांना तिथे कोणी बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन गेलीही नव्हती. शेजारधर्मातही कोणाच्या तरी घरावर घडा पडतोच.

आमच्या घरी त्या वेळी असं झालं. दादाने विष आणलं होतं. संध्याकाळी शिडी लावून तो वर चढला आणि लगेच उतरला. वर वाशाच्या कोपऱ्यात काथ्याच्या ढिगात तीन पिल्लं होती. मी नात्याचं पुन्हा काही बोलणार होतो, पण काकीने आधीच विचारलं, "डोळे उघडले हत काय?" दादा म्हणाला, नाही. काकी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "मगे ऱ्हवांदे. बाळंतीण हा ती. पाऊस जावंदे, मगे बघू."

मुंगूस, तरस, लिन्सँग, कोणाचाच संबंध आला नाही. ज्या बाईने माझा नात्याचा मुद्दा एका वाक्यात मोडला होता, तिने त्या मसण्याऊदाला एकदम बाळंतीण केलं. ते नातं कुठल्या शाखेवर बसतं, हे मला कुठल्याच कवटीत सापडणार नाही. काकीने बाळंतपणं केलेली आहेत, गाईची आणि सुनांची. पण पाऊस जाईपर्यंतच, हेही तिने सांगून ठेवलं होतं. मुदत तिने विसरून दिली नव्हती.

ते आठ दिवस मी खालच्या खोलीत झोपलो. रात्री वरून पावलं ऐकू यायची, आणि मध्येच बारीक कुईकुई. वास तसाच होता. आंबे आम्ही डब्यात भरून ठेवले.

दिवाळीला मी गावी जाऊ शकलो नाही. फोनवर दादाशी बोललो. कौलं परतली, भिंतीवरची फट सिमेंटने बुजवली, माळा मोकळा झाला म्हणाला. काकीने फोन घेऊन फराळ पाठवल्याचं सांगितलं, विहिरीच्या वाटेच्या दाव्याची पुढची तारीख सांगितली. माळा कसा मोकळा झाला ते मी दोघांनाही विचारलं नाही. या लेखासाठी तरी विचारायला हवं होतं. गेल्या आठवड्यात पुन्हा फोन केला, आणि पुन्हा नाही विचारलं.